मावशीचं मिनेसोटा

माझी मुलगी माझ्यापेक्षा माझ्या धाकट्या बहिणीवर जास्त जीव टाकते, हे मला पक्कं कळलं ते एका संध्याकाळी जेवताना. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. मी तिच्या ताटात भात वाढत होते आणि ती म्हणाली, "मम्मा, डू यू नो, मावशीच्या स्टेटचा ऑफिशियल मफिन आहे. ब्लूबेरी मफिन."

"राज्याचा मफिन?" नवरा हसला. "सरकारी मफिन?"

"येस. लॉ आहे तसा. तिकडच्या एका शाळेतल्या मुलांनी सजेस्ट केला होता."

ती हे सांगत असताना तिचा चेहरा असा काही उजळला होता की मला भाताचा चमचा खाली ठेवावा लागला. माझ्या कुठल्याच गोष्टीबद्दल बोलताना ती अशी दिसत नाही. मला ऑफिसात बढती मिळाली तेव्हा तिने फोनवरून नजर न काढता "नाइस" म्हटलं होतं. आणि इथे एका मफिनचं, जो तिने चाखलेलाही नाही, एवढं कौतुक. का, तर मावशी त्या राज्यात राहते.

बहीण माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. वडील गेल्यावर वसईच्या घरी ती आणि आई दोघीच उरल्या, तेव्हा मीच तिला शारजाला बोलावून घेतलं. आधी व्हिजिट व्हिसावर आली, मग अल कुसैसच्या एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनवर लागली. अल मजाजमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये मुलीच्या खोलीत आम्ही वर-खाली झोपायचा पलंग आणला. वर मुलगी, खाली मावशी. मला वाटलं होतं, चला, घरात हाताखाली कोणीतरी आलं. हाताखाली आलेलं माणूस माझ्या डोक्यावरून जाऊन माझ्या मुलीच्या मनात बसेल, हे काही तेव्हा सुचलं नाही.

सगळा घोळ शुक्रवारांनी केला. शारजातल्या शाळांना शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुट्टी असते. माझं ऑफिस दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये, तिथे शुक्रवार कामाचा. नवरा हॉटेलात, त्याची सुट्टी कुठल्या वारी पडेल ते त्यालाच माहीत नसायचं. बहीण यायच्या आधी मुलगी शुक्रवारी शेजारी राहणाऱ्या, मूळच्या रत्नागिरीच्या खालांकडे बसायची आणि मला तासातासाला मेसेज करायची, मम्मा कधी येतेस. बहिणीच्या क्लिनिकची सुट्टी नेमकी शुक्रवारची निघाली. मेसेज बंद झाले.

सुरुवातीला मी सुटकेचा श्वास सोडला. मग हळूहळू लक्षात यायला लागलं. मी सकाळी ट्रॅफिकमध्ये अडकलेली असायची तेव्हा त्या दोघी जवळच्या लगूनच्या म्हणजे खाडीच्या काठी चालायला गेलेल्या असायच्या. मी मीटिंगमध्ये असायची तेव्हा त्या पलंगावर लोळत एकमेकींच्या वेण्या घालायच्या. संध्याकाळी मी दार उघडायची तर आतून हसण्याचा आवाज यायचा, आणि मी खोलीत पाऊल टाकलं की थांबायचा.

"काय झालं एवढं हसायला?"

"नथिंग, मम्मा."

"काही नाही गं ताई, असंच."

त्या 'असंच'मध्ये मला जागा नव्हती. एकदा तर मी मुद्दाम अर्धी रजा टाकून दुपारीच घरी आले. दोघी स्वयंपाकघरात पिठाने माखल्या होत्या. मला बघून मुलीचं तोंड उतरलं. म्हणाली, "ओह. यू आर अर्ली." मी हातपाय धुवायला म्हणून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले. आपल्याच मुलीने आपण लवकर आलो म्हणून खट्टू व्हावं! बहिणीचा राग करायला कारण काहीच नव्हतं, आणि त्यामुळेच तो जास्त येत होता.

दोन वर्षांनी तिचं लग्न ठरलं. मुलगा वसईचाच, आमच्या ओळखीतल्या कुटुंबातला, पण शिक्षणापासून अमेरिकेत. मिनेसोटा नावाच्या राज्यात वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. खरं सांगायचं तर अमेरिकेचं वेड आम्हा नवराबायकोला होतं. लग्नानंतर आम्ही त्यासाठी बरीच खटपट केली, मग मुलगी झाली, शारजाचं बस्तान बसलं, आणि तो विषय आम्ही बोलायचा बंद केला. बहिणीने कधी अमेरिकेचं नाव काढलं नव्हतं. स्थळ आलं, मुलगा चांगला होता, ती हो म्हणाली. राज्याचं नावसुद्धा तिला धड घेता येत नव्हतं, 'मिनासोटा' म्हणायची. मी लग्नात खूप नाचले. घरी आल्यावर माझ्याच मनाला विचारलं, नाचलीस ते आनंदाने की पोरीची मावशी आता लांब जाणार म्हणून? उत्तर मी ऐकून घेतलं नाही.

दुबई एअरपोर्टवर मुलगी इतकी रडली की एका सिक्युरिटीवाल्याने तिला पाणी आणून दिलं. पुढचे कितीतरी दिवस तिने वरच्या पलंगावर झोपायचं सोडून दिलं. खाली, मावशीच्या जागेवर झोपायची. मी म्हटलं, "मी झोपू का तुझ्याजवळ?" तर म्हणाली, "इट्स ओके, मम्मा."

आणि मग मिनेसोटा सुरू झालं.

शाळेतून कोणी सांगितलं नव्हतं, प्रोजेक्ट नव्हता. तिचं तीच इंटरनेटवर शोधायची. पलंगाच्या भिंतीवर त्या राज्याचा नकाशा लागला. त्याच्याभोवती एकेक चित्र येऊन बसायला लागलं, तिने स्वतः रंगवलेलं. काळापांढरा, लाल डोळ्यांचा एक पाणपक्षी. त्याला लून म्हणतात, तो राज्याचा पक्षी. त्याची हाक तिने मला ऐकवली, तळ्यावर कुणीतरी एकटं बसून वेड्यासारखं हसतंय असं वाटतं. गुलाबी-पांढरं फूल, पायातल्या चपलेसारखं, जंगलात पहिल्यांदा फुलायलाच कितीतरी वर्षं घेतं, आणि ते तोडायला बंदी आहे. उंच, लालसर सालीचा पाइन. राज्याचा मासा वॉलआय. राज्याचं धान्य जंगली तांदूळ, जो होडीत बसून झोडपून गोळा करतात. राज्याचं फळ सफरचंद, तेसुद्धा नुसतं सफरचंद नाही, तिथल्याच विद्यापीठाने तयार केलेल्या एका खास जातीचं. राज्याचं पेय दूध. एक राज्याचा दगडही होता, पट्ट्यापट्ट्यांचा अकीक. राज्याचं अळंबंसुद्धा होतं.

जेवताना रोज एक गोष्ट वाढली जायची. राजधानी सेंट पॉल, पण मोठं शहर तिला चिकटलेलं मिनियापोलिस, म्हणून दोन्हींना जुळी शहरं म्हणतात. ब्रीदवाक्य फ्रेंचमध्ये, अर्थ उत्तरेचा तारा. दहा हजार तळ्यांचं राज्य म्हणतात, पण खरी तळी त्याहून जास्त आहेत. झेंडा नुकताच बदललाय, जुना फार गिचमिड होता, आता निळ्यावर एक पांढरा तारा.

"किती छान ना!" नवरा म्हणायचा. त्याला खरंच छान वाटायचं. मला मात्र प्रत्येक घासाला खडा लागायचा. एखाद्या राज्याकडे इतक्या गोष्टी असाव्यात, निवडून, कायदा करून ठेवलेल्या, आणि त्या सगळ्या माझ्या बहिणीला न मागता मिळाव्यात! तिला तिकडे जायला मिळालं ते एक. माझ्या पोरीला तिने इथे बसवून तिकडे नेलं ते दुसरं. पहिल्यापेक्षा दुसरं जास्त झोंबत होतं.

म्हटलं, आपणही दाखवूया. आपल्याकडे काय कमी आहे? एका शनिवारी नवऱ्याला मासळी बाजारात पिटाळून चांगली मोठी पापलेटं मागवली. मसाला आमच्या गावचा, आईने पाठवलेला. ताटात कुरकुरीत तुकडी ठेवून मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यमासा बरं का. चंदेरी पापलेट."

मुलीने काटा-चमचा खाली ठेवला. "वी आर ईटिंग आवर स्टेट फिश?"

"मग? तिकडचे लोक काय त्या वॉलआयची पूजा करतात?"

"आपला पक्षी कोणता?"

"हरियाल. हिरव्या रंगाचं कबुतर. आणि प्राणी शेकरू, म्हणजे मोठी खार, या झाडावरून त्या झाडावर उडी मारते. फूल ताम्हण, जांभळं. फुलपाखरू नीलवंत." मी ऑफिसात लंच टाइमला हे सगळं वाचून घेतलं होतं.

"तू शेकरू पाहिलास?"

"नाही."

"हरियाल?"

"नाही पाहिला. पण ताम्हण पाहिलंय. आपल्या वसईच्या चर्चच्या आवारात आहे."

तिने ताटातल्या तुकडीकडे नव्याने पाहिलं. मला वाटलं, लागला बाण. मग म्हणाली, "मम्मा, तू हे मावशीला सांगितलंस? शी विल लव्ह इट." आणि लगेच फोन घेऊन आत पळाली. माझं पापलेट, माझं ताम्हण, माझं नीलवंत, सगळं उचलून मावशीच्या पदरात टाकायला. नवरा काहीतरी विनोद करणार होता, माझं तोंड बघून त्याने तो गिळला.

पुढच्या डिसेंबरात बहीण आली. वसईला नाताळाला जाताना वाटेत थोडे दिवस आमच्याकडे राहणार होती. मुलीने आठवडाभर आधीपासून खोली आवरायला घेतली. मी स्वयंपाकघर आवरलं, पडदे धुतले. मलाही ती यायला हवी होती, हे मी सांगितलंच पाहिजे. दार उघडलं तर ती समोर उभी. थोडी सुकली होती, ओठ फुटले होते थंडीने. आम्ही दोघी दारातच मिठी मारून उभ्या राहिलो, आणि तेवढ्यात मुलगी आमच्यामध्ये घुसली, तिला ओढून भिंतीपाशी घेऊन गेली.

"मावशी, ओके, रेडी? स्टेट बर्ड?"

बहिणीने नकाशाकडे, चित्रांकडे पाहिलं. "बापरे! हे सगळं तू काढलंस?"

"स्टेट बर्ड सांग ना."

"गरुड?"

"मावशी! लून! तू लून नाही पाहिलास?"

"नाही गं राणी."

"इतकी लेक्स आहेत!"

"आहेत ना. आमच्या घरामागेच एक आहे. मी गेले तेव्हा ते गोठलं होतं. मग उन्हाळा आला तर मला नोकरी लागली. सकाळी अंधारात निघायचं, गाडी, ऑफिस, गाडी, घर. तिकडे कोणी चालत नाही बाई रस्त्याने."

"स्टेट फ्लॉवर?"

तिने मान हलवली. फूल माहीत नव्हतं. धान्य माहीत नव्हतं. दूध हे राज्याचं पेय आहे ऐकून ती खो खो हसली, म्हणाली, मला तर तिकडे दूधच पचत नाही. मी दारात उभी राहून हे ऐकत होते आणि माझ्या आत एक घाणेरडा आनंद उकळत होता. आता कळेल, मला वाटलं. आता पोरीला कळेल की जिच्यासाठी हिने वर्षभर रंग फासले, तिला काही पडलेली नाही.

 मुलगी पलंगावर चढून बसली, बाजूची जागा थोपटली आणि म्हणाली, "कम, आय विल टीच यू." बहीण शहाण्या मुलीसारखी तिच्याजवळ जाऊन बसली. मुलीने तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि एकेक चित्र दाखवत सुरू केलं. मी पाठ करून ताटात वाढलं, त्याला किंमत नव्हती. हिला काही येत नव्हतं, तर त्याचंही प्रेमच झालं. मी चहा टाकायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी बहिणी लगूनवर फिरायला गेलो. नवऱ्याची सुट्टी होती, तो मुलीला घेऊन केक आणायला गेला होता. कारंज्याच्या बाजूला बाकावर बसल्यावर बहीण म्हणाली, "ताई, तुला एक सांगायचंय. मला तिसरा महिना चालू आहे."

मी तिचा हात धरला. देवाशपथ, पहिला क्षण निव्वळ आनंदाचा होता. दुसऱ्या क्षणी ती म्हणाली, "आई येणार आहे माझ्याकडे. सहा महिन्यांचा व्हिसा काढायचाय," आणि माझ्या आनंदाला चूड लागली. माझ्या बाळंतपणाला आई शारजाला आली होती. उकाड्याने जीव जातो म्हणून महिना व्हायच्या आत परत गेली. आता बर्फाच्या देशात सहा महिने राहणार होती.

"छान," मी म्हटलं. "आईला स्वेटर घ्यावे लागतील."

"ताई, तू रागावलीस?"

"वेडी आहेस का?"

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. ती लहान असल्यापासून मला ओळखते. पण तिने आईच्या स्वेटरांचं माप विचारलं, आणि त्याबद्दल मी तिची आभारी आहे.

मुलीला बातमी तिनेच सांगितली, त्याच रात्री जेवताना. मला वाटलं, पोरगी नाचेल. तिने केकचा तुकडा काट्याने इकडून तिकडे सरकवला. "काँग्रॅट्स, मावशी," म्हणाली. मग विचारलं, "बेबी मिनेसोटाचं असणार?"

"हो गं. तिथेच होणार ना."

"ओके." ती उठली आणि खोलीत गेली.

मी थोड्या वेळाने मागोमाग गेले. ती वरच्या पलंगावर होती, भिंतीकडे तोंड करून. मावशीची उशी तिने खाली टाकली होती. मी शिडीच्या दोन पायऱ्या चढून तिच्या पाठीवर हात ठेवला.

"काय झालं बाळा?"

"मी सगळं लर्न केलं," ती भिंतीला म्हणाली. "त्याला काही करावंच लागणार नाही. द बेबी विल जस्ट हॅव इट. लून, लेक्स, सगळं. मावशीपण."

ही भाषा मला शिकवावी लागत नव्हती. शब्द न् शब्द माझा होता. वर्षभर घासाघासाला जो खडा मी चावत होते, तोच माझ्या मुलीच्या दाताखाली आला होता, आणि ती अकरा-बारा वर्षांची पोर होती, तिला तो कसा चावायचा ते ठाऊक नव्हतं. मी तिला जवळ घ्यायला हात पुढे केले. ती आली. कितीतरी दिवसांनी माझ्या मानेत तोंड खुपसून रडली. माझ्या गुडघ्यांत शिडी रुतत होती, पण मी हलले नाही. आणि इतकं सगळं असूनही मनातलं एक टोक टोचतच होतं, की हे रडणंसुद्धा मावशीसाठीच आहे.

बहीण गेल्यावर मुलीने नकाशा काढून टाकला.  तोवर माझ्या ऑफिसने आठवड्यातून एक दिवस घरून काम करायची मुभा दिली होती. मी शुक्रवार मागून घेतला. आता शुक्रवारी मी लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये बसायची, मुलगी समोर सोफ्यावर. ज्यांच्यासाठी मी इतकी जळले ते शुक्रवार मला मिळाले. ती माझ्याशी नीट वागायची, चहासुद्धा करून द्यायची. हसायची मात्र नाही फारशी.

मावशीचा फोन आला की ती "होमवर्क आहे" म्हणायची. आई मिनेसोटाला पोचली, तिथून बर्फ वितळलेल्या तळ्याचे फोटो पाठवायला लागली. बाळ झालं. मुलगा. फोटो आला तर मुलीने अंगठा उंचावल्याचं चिन्ह टाकलं आणि फोन उलटा ठेवला. मला खोटं बोलायचं नाही, मला ते बघून बरं वाटलं. घरात आता जळणारी मी एकटी नव्हते.

एका शुक्रवारी दुपारी बहिणीचा फोन आला. तिच्याकडे पहाट होती, बाळाने झोपू दिलं नव्हतं. आवाज बसला होता.

"ताई, ती माझ्याशी बोलत का नाही गं? माझं काही चुकलं?"

"शाळेचं फार असतं हल्ली."

"ताई, खरं सांग."

पलीकडे बाळ कुरकुरत होतं, आणि आईचा आवाज ऐकू येत होता, माझ्याकडे दे त्याला, म्हणून. मी आणखी एकदा शाळेचं नाव सांगू शकले असते. मग आठवड्याभराने परत. पोरी मोठ्या होतात, अशा गोष्टी आपोआप सुटतात, कोणाला दोष न देता. मला माझे शुक्रवार राहिले असते.

"थांब," मी म्हटलं.

मी खोलीत गेले. मुलगी खालच्या पलंगावर पाय पसरून वाचत होती. मी फोन तिच्यापुढे धरला. तिने मान हलवली, नको. मी म्हटलं, "तिला झोप नाही रात्रभर. रडतेय ती. बोल." आणि फोन तिच्या पोटावर ठेवून बाहेर आले, दार लोटून घेतलं.

लॅपटॉपसमोर बसले, पण स्क्रीनवरची एक ओळ वाचता आली नाही.  आतून मुलीचा आवाज आला, बारीक, एकेक शब्दाचा. मग मोठा. मग एकदम ती हसली, ते जुनं हसू, मी दारात आले की थांबायचं ते. माझ्या छातीत नेहमीच्या जागी कळ आली. ती गेली नव्हती, अजूनही जात नाही.

पण मी उठले आणि दार उघडून आत गेले. हसणं थोडं कमी झालं. स्क्रीनवर बहीण होती, केस विस्कटलेले, खांद्यावर बाळ. मी पलंगाच्या कडेला टेकले. मुलीने माझ्याकडे पाहिलं, पाय आखडून घेतले, जागा केली, आणि फोन थोडा माझ्या बाजूला वळवला.